अ‍ॅबसिंथ घरी पाजायची असेल तर पाण्यापासून सुरुवात करा

मागच्या वेळी अ‍ॅबसिंथ, म्हणजे गार पाणी घालून प्यायची वनस्पतींची कडक दारू, पाजायला चार जण बोलावले होते. बाटली चांगली, चमचे चकचकीत, ग्लास पुसून ठेवलेले, आणि फ्रिज उघडला तर गार पाण्याची एकच बाटली, तीही अर्धी. बर्फाचा ट्रे रिकामा. दोन ग्लास जेमतेम झाले, पुढच्यांना नळाचं पाणी घातलं आणि ती कोमट अ‍ॅबसिंथ कुणालाच संपवता आली नाही. एवढी छान बाटली वाया गेल्यासारखं झालं, अजून वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

तर पाणी. ३० एमएल अ‍ॅबसिंथला तिप्पट ते पाचपट पाणी लागतं, म्हणजे ९० ते १५० एमएल. चार माणसं, प्रत्येकी दोन ग्लास, चौपट धरलं तरी जवळजवळ एक लिटर झालं, वर थोडं सांडणार, कुणाला पातळ हवी असणार, म्हणून दीड लिटर धरा. आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळी सहाला आठवून काही उपयोग नाही. बर्फाचे ट्रे पण रात्रीच भरा. आणि बर्फ पाण्याच्या जगमध्ये टाकायचा, ग्लासात नाही, ग्लासात टाकला की सगळं एकदम गढूळ होतं आणि मग हळूहळू पाणी घालण्यात काही राहत नाही.

एवढं गारच का, तर ही दारू साधारण ४५ ते ७४ टक्क्यांची असते. ६८ टक्क्यांच्या बाटलीतले ३० एमएल चौपट पाण्यात गेले की ती साडेतेरा टक्क्यांवर येते, वाइनच्या आसपास. तेवढी सौम्य झालेली दारू कोमट असली की नुसता उग्र वास नाकात जातो. गार असली की वर्मवुड या वनस्पतीचा कडूपणा, अनीस (बडीशेपेसारख्या वासाचं बी) आणि बडीशेप, तिन्ही नीट कळतात.

बाटली घेताना लेबल वाचा. साखर आधीच घातलेली असेल किंवा रंग भडक निऑन असेल तर राहू द्या. चांगल्या हिरव्या अ‍ॅबसिंथचा रंग वनस्पतींच्या हरितद्रव्याचा असतो, उजेडात तो पिवळट-तपकिरी पडतो, म्हणून कपाटात ठेवा. बिनरंगी पण मिळते, तीही अस्सलच असते, स्वित्झर्लंडमध्ये १९१० नंतर बंदी असताना लोक घरी चोरून तशीच काढायचे कारण ती दुसरं काहीतरी म्हणून खपायची. २००५ साली तिथली बंदी उठली. एक मात्र लक्षात ठेवा, गार करायचंय पाणी, बाटली नाही. बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर अनीसचं तेल थंडीत गोठून ती आतल्या आतच गढूळ होऊ शकते. आणि ती प्यायल्यावर भास होतात वगैरे ऐकलं असेल तर विसरा, त्रास होतो तो अल्कोहोल जास्त झाल्याने.

ग्लास कुठलाही दांड्याचा चालेल. साखर ठेवायला भोकाचा चमचा नसेल तर ग्लासच्या तोंडावर काटा आडवा ठेवा. साखरेचे क्यूब लागतील, पण साखर नको असेल तर नको, चांगली अ‍ॅबसिंथ तशीही छान लागते.

आता ओतणं, घाई इथेच नडते. ३० एमएल मोजून घ्या, अंदाजाने नको. चमच्यावर क्यूब ठेवा, त्यावर चार-पाच थेंब पाणी टाकून थांबा, साखर ओली होऊन खचायला लागते. मग थेंब थेंब. धार नाही, थेंब. फाउंटन (थेंब थेंब पाणी सोडणारं तोटीचं भांडं) असेल तर उत्तम, नसेल तर बारीक तोंडाचा छोटा जग, हात टेबलावर टेकवून. आधी तळाशी तेलकट वळसे दिसतात, मग दुधाळ धुकं खालून वर चढतं, आणि शेवटी वरच्या कडेला हिरव्या रंगाची एक पातळ पट्टी राहते. ती पट्टी गेली की थांबा, चव बघा, मग हवं तर आणखी. हे धुकं म्हणजे अनीसमधलं सुगंधी तेल, अ‍ॅनेथॉल, अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. पाणी गार असलं की ते जास्त दाट उतरतं. बघा, परत पाणीच आलं.

आणि साखर पेटवू नका, खरंच नका. ती पद्धत १९९०च्या दशकात चेक बारमधून पसरली, जुनी नाहीच. साखर जळून चव बिघडते, ग्लास तडकू शकतो आणि खाली एवढी कडक दारू आहे, ती भडकली तर हात भाजतो.

लोक आल्यावर जग परत भरायला एकाला सांगून ठेवा, अर्धा झाला की भर, रिकामा व्हायची वाट बघू नको म्हणावं. दुसऱ्या राउंडला पाणी कोमट होतंच, बर्फ बदला. खायला साधं काहीतरी, मसालेदार नको. एकाला दोन ग्लास पुरे. गाडी कुणी चालवायची नाही. ग्लास लगेच धुवा, अनीसचा वास बसतो. बाटलीचं झाकण घट्ट, परत कपाटात. उरलेलं गार पाणी फ्रिजमध्येच राहू द्या.