घरच्या फायरवॉलसाठी आणि फाईल सर्व्हरसाठी जुना पीसी घेताना काय बघायचं

जुना पीसी घ्यायला गेलं की दुकानदार पहिले सांगतो आय5 आहे का आय7, आणि आपणही तेच विचारतो. पण हा डबा, म्हणजे इंटरनेट आणि घर यांच्यामध्ये पहारा देणारा फायरवॉल किंवा घरच्या फाईली सगळ्यांसाठी एका जागी ठेवणारा सर्व्हर, वर्षाचे 8760 तास चालणार, त्यात नागपूरचा मे महिना येणार, लाईट जाणार-येणार, शेजारी कूलर चालणार, म्हणून मी प्रोसेसर सगळ्यात शेवटी बघतो. आधी वीज, मग लॅन कार्ड, मग डिस्क.

सध्या माल चांगला येऊन राहिला. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 साठी इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्यापुढचं लागतं, त्यामुळे ऑफिसांनी काढलेले चौथ्या ते सातव्या जनरेशनचे ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर हे डेल, एचपी, लेनोवोचे पीसी सीताबर्डीच्या बाजारात सेकंडहँडमध्ये दिसतात. आपल्याला त्यावर विंडोजऐवजी लिनक्स नाहीतर फ्रीबीएसडी ही फुकट सिस्टीम टाकायची आहे, त्यांना ते भरपूर झालं.

घरात पडलेला पेंटियम 4 नाहीतर कोर टू ड्युओ फुकटच आहे, तोच लावू, असं खूप जण म्हणतात. तो फुकट नाही हो. असा पीसी काही काम न करता 70 वॅट खात असेल तर वर्षाला 613 युनिट होतात, माझा चौथ्या जनरेशनचा छोटा ऑप्टिप्लेक्स वॅट मीटरवर 24 दाखवतो म्हणजे 210 युनिट, आणि मधले हे 400 युनिट तुमच्या बिलात सगळ्यात वरच्या म्हणजे सगळ्यात महाग स्लॅबमध्ये जाऊन बसतात. शिवाय ते वॅट खोलीत उष्णता होऊनच बाहेर पडतात, मे महिन्यात ती कुणाला हवी आहे. 32 बिटवाला तर घेऊच नका, पीएफसेन्स या फायरवॉलच्या सॉफ्टवेअरनं 32 बिट 2017 मध्येच सोडलं.

फायरवॉल आणि फाईल सर्व्हर एकाच डब्यात बसवता येतात, तरी मी म्हणेन दोन वेगळे ठेवा. फायरवॉल इंटरनेटच्या तोंडावर उभा असतो, आणि ज्या मशीनमध्ये लेकरांचे फोटो आणि घराचे कागद आहेत तिला तिथं उभं करू नये.

फायरवॉलला दोन लॅन पोर्ट लागतात, एक फायबरच्या डब्याकडून येणारा आणि एक घरातल्या स्विचकडे जाणारा. इथं पैसे वाचवू नका, इंटेल चिपचं कार्ड घ्या, आय350 किंवा जुनं आय340 चालेल. पीएफसेन्स आणि तसंच दुसरं ओपीएनसेन्स हे फ्रीबीएसडीवर चालतात आणि तिथं रियलटेकच्या कार्डांचा त्रास खूप जणांनी भोगला आहे, लिनक्सवर तेच कार्ड बहुतेक वेळा नीट चालतं. यूएसबीचं लॅन फायरवॉलला नकोच. जुन्या बोर्डावरचा पांढरा लांब पीसीआय स्लॉट सगळे मिळून सेकंदाला 133 एमबी एवढाच वाहतो आणि एक गिगाबिट लाईन एका बाजूनंच 125 मागते, त्यामुळे कार्ड पीसीआय एक्सप्रेसचंच पाहिजे. छोट्या कॅबिनेटला कार्ड मागे स्क्रूनं पकडणारी बुटकी पट्टी (लो प्रोफाईल) लागते, ती कार्डासोबत आहे का ते दुकानातच बघा, नाहीतर कार्ड बसतच नाही. बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित येण्यासाठी ओपन व्हीपीएन चालवणार असाल तर प्रोसेसरमध्ये एईएस-एनआय, म्हणजे एन्क्रिप्शन झपाट्यानं करायची सोय, आहे का तेही बघा, दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनच्या आय3 मध्ये ते नाही, त्याच काळातल्या आय5 मध्ये आहे. वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएनला त्याची गरज नाही.

पैसे देण्याआधी कॅबिनेट उघडायला लावा, भाऊ नाही म्हणाला तर दुसरं दुकान. मोबाईलचा टॉर्च मारून प्रोसेसरच्या आजूबाजूचे कॅपॅसिटर बघा, डोकं सपाट पाहिजे, फुगलेलं किंवा तपकिरी चिकट दिसलं की सोडून द्या. पंखा बोटानं फिरवा, अडकत असेल तर नवा मिळतो, पण छोट्या ब्रँडेड कॅबिनेटची पॉवर सप्लाय साध्या एटीएक्स मापाची नसते, ती गेली की शोधत फिरावं लागतं. हिटसिंकची पेस्ट घरी आणून बदलाच, इतक्या वर्षांत ती खडूसारखी वाळलेली असते.

आणि कूलर! पहिल्या उन्हाळ्यात मी डबा कूलरच्या अगदी समोर ठेवला होता, थंड राहील म्हणून. दोन महिन्यांत नेट मधूनमधून तुटायला लागलं, उघडलं तर लॅन कार्डाच्या सोनेरी पट्टीवर मळकट थर आणि स्क्रूंना गंज. पट्टी खोडरबरनं घासली, कार्ड परत बसवलं, चालू झालं. तेव्हापासून डबा दुसऱ्या भिंतीशी, जमिनीपासून दोन फूट वर, मागे वितभर जागा सोडून.

फाईल सर्व्हरला प्रोसेसर आणखी कमी लागतो. 8 जीबी रॅम, सिस्टीमसाठी छोटी एसएसडी आणि दोन 3.5 इंची डिस्क बसतील एवढं कॅबिनेट, म्हणजे टॉवरच बघा. डिस्क जोडायचं पोर्ट जुनं साटा 2 असलं तरी घाबरू नका, गिगाबिट लॅनवरून सेकंदाला जेमतेम 110 एमबी येतात. डिस्क मात्र जुनी घेऊ नका, परवडत असेल तोवर नवीच, आणि झेडएफएस ही फाईल सिस्टीम करणार असाल तर सीएमआर आहे हे खात्रीनं बघून, कारण एसएमआर प्रकारात पट्टे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात आणि तिथं आरसा, म्हणजे दोन डिस्कवर एकच माल, परत जुळवायला फार वेळ जातो. जुनी वापरायचीच असेल तर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर, म्हणजे खराब झालेल्या आणि संशयित जागा, बघा, दोन्ही शून्य पाहिजेत. मे महिन्यात डिस्क 50 डिग्रीच्या आत राहावी म्हणून समोर एक पंखा लावा. दोन डिस्कचा आरसा म्हणजे बॅकअप नाही, चुकून डिलीट केलं की दोन्हीकडून जातं, तिसरी प्रत वेगळ्या घरी ठेवा, माझी बहिणीकडे आहे.

घरी आणल्यावर रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. मग बोर्डावरचा बायोसचा, म्हणजे मशीन सुरू होतानाची सेटिंग लक्षात ठेवणारा, सेल बदला, सीआर2032, किराणा दुकानातही मिळतो. सेल मेला असेल तर लाईट गेली की सेटिंग विसरतात, मशीन एफ1 दाबा म्हणून थांबते आणि त्याला मॉनिटर तर लावलेलाच नसतो. बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग ऑन करा, छोटा यूपीएस जोडा. शेवटी डिस्कवर खरं काही ठेवण्याआधी यूपीएसशिवाय भिंतीतला प्लग ओढा, मिनिटभर थांबा, परत लावा. कुठलंही बटण न दाबता नेट आणि शेअर फोल्डर दोन्ही परत आले तर मग फोटो चढवायला घ्या.