पानं पिवळी पडली की लगेच युरिया टाकू नका

जळगाव-धुळ्याकडे अंगणातलं झाड वाळलं की सगळा दोष उन्हावर जातो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असतो, म्हणून कुणी फार विचारही करत नाही. पण मोगरा, कण्हेर, शेवगा, कडीपत्ता ही झाडं नीट रुजलेली असली तर असलं ऊन सोसतात. बऱ्याचदा त्यांना मारतं ते आपण मायेनं घातलेलं पाणी.

काळ्या मातीचा वरचा थर बघता बघता सुकून भेगाळतो आणि खाली मात्र गच्च ओल असते. रोज तांब्या-दोन तांबे बुंध्याशी ओतत राहिलं की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि झाड मान टाकतं. मान टाकलेली दिसली की घरातलं कुणीतरी आणखी एक बादली ओततं! त्यापेक्षा बुंध्यापासून हातभर लांब पाच-सहा इंच उकरा आणि तिथली माती मुठीत दाबा. गोळा झाला तर आज पाणी नको. झाड मोठं झालं की आळंही बाहेर सरकवा. फांद्यांचा घेर जिथं संपतो, तिथं पाणी द्यायचं. आळ्यात केळीची वाळलेली पानं किंवा पाचट पसरा, फक्त बुंध्याला चिकटवू नका.

आता पिवळ्या पानांचं. आधी कोणती पानं पिवळी आहेत ते बघा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे, शेणखत चालेल. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता. लिंबू, जास्वंद आणि गुलाबावर हे हमखास दिसतं. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगर टाका, फसफसलं तर चुना आहे असं समजा. बोअरचं जड पाणी त्यात भरच घालतं. अशा वेळी युरिया टाकून काही होत नाही, आणि हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत) नुसतं मातीत टाकलं तरी तेही अडकून पडतं. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस घ्या, त्यात थोडं लिंबू पिळा आणि संध्याकाळी पानांवर फवारा. द्रावण ताजंच वापरा, तांबूस झालेलं फेकून द्या. फरशी मात्र आधी झाका, डाग जात नाहीत. आधी पिवळं पडलेलं प्रत्येक पान हिरवं होईलच असं नाही, नवी पालवी बघा.

नवीन लावणीसाठी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास खड्डे खणून उन्हात तापू द्या आणि पावसाची ओल झाली की रोप लावा. खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे घालायची पद्धत मला पटत नाही. चिकण मातीतला खड्डा तरीही हौदासारखा भरतोच. त्यापेक्षा रोप थोड्या उंचवट्यावर लावा.

मोगऱ्याला कात्री लावायला जीव होत नाही, पण कळ्या नव्या फुटव्यावरच येतात. जानेवारीत छाटा.

गुलाबाच्या कलमाला गाठीखालून जोमदार फोक फुटला तर खूश होऊ नका. कलम ज्यावर बांधलंय त्या खालच्या रानटी खुंटाचा तो असतो. वरून कापला तर पुन्हा फुटतो, म्हणून माती बाजूला करून जिथून निघालाय तिथूनच ओरबाडून काढा.