जुन्या बियाण्यात किती जीव उरलाय? एन्झाइमवरून कसं ओळखायचं

बी दिसायला ठणठणीत असतं, ओल्या कागदात गुंडाळून ठेवलं तर शंभरातलं ऐंशी-पंच्याऐंशी उगवतं पण, आणि तेच बी जमिनीत टाकलं की कितीतरी दाणे वरच येत नाहीत, आलेच तर मरतुकडे. कारण कागदावर बियाण्याचे लाडच असतात, पाणी बेताचं, तापमान मानवेल तसं, वर मातीचं ओझं नाही. बी म्हातारं व्हायला लागलं की आधी पेशींच्या पडद्यातली चरबी ऑक्सिडाइझ होते, पडदे गळायला लागतात, कॅटालेज, पेरॉक्सिडेजसारखी सांभाळ करणारी एन्झाइम्स कमी पडतात, श्वसन मंदावतं, आणि उगवणीचा आकडा मात्र शेवटी शेवटी कोसळतो. म्हणून एन्झाइम बघायचं.

सगळ्यात कामाची टेस्ट म्हणजे टेट्राझोलियम, लॅबमध्ये सगळे टीझेडच म्हणतात. जर्मनीत जॉर्ज लाकॉन यांनी ही १९४०च्या दशकात बसवली. तत्त्व साधं आहे, ट्रायफिनाइल टेट्राझोलियम क्लोराइडचं द्रावण रंगहीन असतं, जिवंत पेशीतली डिहायड्रोजनेज एन्झाइम्स श्वसन करताना त्याला हायड्रोजन देतात आणि त्याचं लाल फॉरमॅझान होतं. ते पाण्यात विरघळत नाही, जिथे बनलं तिथेच बसतं, त्यामुळे दाण्याचा कुठला भाग जिवंत आणि कुठला मेलेला ह्याचा नकाशाच समोर येतो.

आता करायचं कसं. टेट्राझोलियमची १ ग्रॅम पावडर १०० मिली फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) विरघळवा, पीएच ६.५ ते ७.५ च्या मध्ये पाहिजे, साध्या पाण्यात केलं तर द्रावण आम्लधर्मी होतं आणि रंग फिका येतो. बाटली काळी घ्या नाहीतर फॉइल गुंडाळा. मी एकदा भांडं खिडकीपाशी उघडं ठेवून जेवायला गेलो, परत आलो तर द्रावण आपोआप गुलाबी, कारण उजेडानेही ते लाल होतं, सगळं ओतून द्यावं लागलं.

बी आधी रात्रभर पाण्यात भिजवा, १६-१८ तास. फार जुनं, कोरडं बी असेल तर थेट पाण्यात बुडवू नका, ओल्या कागदात ठेवून हळूहळू फुगू द्या, पाणी एकदम आत घुसलं की कमजोर पडदे तिथेच फाटतात आणि मग आपण म्हातारपण मोजतोय की आपणच केलेली मोडतोड, तेच कळत नाही. मका, गहू असेल तर ब्लेडने गर्भाच्या बरोबर मधून उभा काप द्या आणि एकच अर्धं टेस्टला घ्या. सोयाबीनसारख्या डाळवर्गीय बियांचं टरफल काढून अख्खा दाणा टाका. द्रावणात बुडवून ३५ अंशाच्या आसपास अंधारात ठेवा, कापलेल्या मक्याला साधारण २ तास पुरतात, अख्ख्या दाण्याला जास्त, मधेमधे डोकावत राहा. नियमाने करायचं तर १००-१०० चे चार गट घेतात. आणि सोबत १०-१५ दाणे उकळून मारलेले नक्की टाका, तेही लाल झाले तर कुठेतरी घोळ आहे.

खरी गंमत रंग वाचण्यात आहे, आणि नवीन माणूस इथेच फसतो. त्याला वाटतं जेवढं गडद लाल तेवढं बी दमदार. उलटं आहे! निरोगी भाग एकसारखा मोकळा लालसर रंग घेतो आणि बोटाला घट्ट लागतो. जखमी किंवा म्हातारा भाग काळपट गडद लाल होतो, कारण पडदे सैल झाल्याने द्रावण भसकन आत जातं. मेलेला भाग पांढरा, मळकट, दाबला तर पिचका. मग रंग कुठे नाही ते बघा. मक्यात मुख्य मूळ पांढरं राहिलं तरी बाजूच्या मुळांची जागा आणि कोंब लाल असेल तर दाणा चालू शकतो, पण गर्भाच्या ढालीच्या (गर्भाला अन्न पोचवणाऱ्या चपट्या भागाच्या) मधोमध पांढरा डाग असेल तर तो गेला. सोयाबीनमध्ये डाळीच्या टोकाला छोटासा डाग असला तर हरकत नाही, तोच डाग डाळ जिथे कोंबाला जोडलेली असते तिथे असेल तर अन्नच पोचणार नाही. बुरशी लागलेले दाणे वेगळे काढा, बुरशी आणि बॅक्टेरियासुद्धा टेट्राझोलियम लाल करतात.

आकडा हवा असेल तर सारख्याच संख्येने रंगलेले दाणे धुऊन मिथाइल सेलोसॉल्व्हमध्ये रंग पूर्ण निघेपर्यंत ठेवायचे आणि ४८० नॅनोमीटरवर ओडी, म्हणजे द्रावण किती प्रकाश अडवतं त्याचा आकडा, घ्यायचा. हे सॉल्व्हंट विषारी आहे, प्रजननाला घातक, त्यामुळे ग्लोव्ह्ज घालून फ्यूम हूडमध्येच. कॅटालेजसाठी भिजवलेले गर्भ थंडगार बफरमध्ये बर्फावर वाटून, सेंट्रिफ्यूज करून (जोरात फिरवून गाळ खाली बसवून), वरच्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात आणि २४० नॅनोमीटरवर रीडिंग किती वेगाने उतरतं ते बघतात, हिशोब दर मिलिग्रॅम प्रोटीनला. भिजवायचे तास सगळ्या नमुन्यांना एकच ठेवा, उगवताना एन्झाइम वाढत जातात, दोन तास इकडेतिकडे झाले की तुलना गेली.

आणि सुटा ओडी काहीच सांगत नाही. त्याच वाणाचं ताजं बी घ्या, ४१ अंशाला जवळजवळ १०० टक्के आर्द्रतेत २४, ४८, ७२ तास ठेवून मुद्दाम म्हातारं करा, सोयाबीनला ७२ तासांची पद्धत तर रूढच आहे. प्रत्येक टप्प्याची उगवण आणि ओडी दोन्ही लिहून ठेवा, ही तुमची पट्टी. आता गोदामातलं जुनं बी ह्या पट्टीवर कुठे बसतं ते बघा. दुसऱ्याची पट्टी उधार घेऊ नका, वाण बदलला की दाण्याचा आकार बदलतो, ओडी पण बदलतो.

टीझेड चांगली आणि उगवण कमी असं आलं तर लगेच टेस्टला दोष देऊ नका, बी सुप्तावस्थेत असू शकतं, झोपलेला दाणाही लालच होतो. थोडं बी सुप्तावस्था मोडून परत कागदावर लावा, तरीही उगवलं नाही तर मग रंग वाचताना आपण हात सैल सोडला होता, ते दाणे परत भिंगाखाली घ्या.