शेतीसाठी बारा बोरची बंदूक घेताय? आधी नळी उघडून बघा

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, बंदूक कुठली घेऊ. दोघांच्या काजूच्या बागा आहेत आणि शेतीसंरक्षणाचा परवाना नुकताच हातात आलाय, तिसरा आमच्याच वाडीतला पोरगा, त्याला हिवाळ्यात खाडीवर उतरणारी बदकं मारायचीत. त्या पोराचं आधी सांगून टाकतो. बदकाची शिकार आपल्याकडे बंद आहे, पूर्ण बंद. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तरी त्यानंतर काही वर्षं शिकारीचे परवाने मिळत होते, ते १९९१ च्या दुरुस्तीत गेले. अडई असो, हळदीकुंकू असो की हजारो किलोमीटर उडून येणारं तलवार बदक असो, मारलंत तर केस होणार, बंदूक जाणार आणि घरातला परवानाही जाणार. आणि खरं सांगू, पहाटे धुक्यात तलवार बदकांचा थवा खाडीवर उतरताना एकदा शांत बसून बघा, मारायची इच्छाच राहत नाही.

पण त्याच्या प्रश्नात एक कामाची गोष्ट आहे. माझा मामेभाऊ न्यूझीलंडला असतो, तिकडे बदकांचा सीझन कायदेशीर आहे, मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो, लायसन्स काढून तो जातो. तो सांगतो की तिकडे बदकाच्या बंदुकीत लोक नक्षी बघत नाहीत, चिखलात पडली, पावसात भिजली, खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडाले तरी बार उडाला पाहिजे एवढंच बघतात. रेमिंग्टन ८७० सारखी साधी पंपाची, म्हणजे पुढचं लाकूड मागेपुढे ओढून काडतूस भरायची बंदूक १९५० पासून चालते ती त्याच कारणाने. आता विचार करा, खारा वारा, चार महिने पाऊस, चिखल, हे सगळं आपल्या अंगणातच आहे की. म्हणून बदक नको पण बदकवाल्यांची नजर घ्या, म्हणजे बंदूक किती देखणी आहे ते नाही, तर किती घट्ट बसते आणि किती कमी गंजते ते बघा.

बाकी देशांतल्या बंदुका आपल्याला बघायची गरज नाही. कोकणात परवान्यावर मिळते ती बहुतेक बारा बोर, एकनळी किंवा दुनळी, नाहीतर आजोबांच्या काळातली ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची. बारा बोर म्हणजे काय ते पुष्कळांना माहीत नसतं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोर, भोक साधारण साडेअठरा मिलीमीटर. नळी २० इंचापेक्षा आखूड नको, १९५९ च्या शस्त्र कायद्यातच ते लिहिलंय, त्यामुळे कोणी कापून आखूड केलेली बंदूक स्वस्तात देतो म्हणाला तर तिला हातसुद्धा लावू नका.

एकनळी की दुनळी? एकनळी हलकी, स्वस्त, बिघडण्यासारखं तिच्यात फार काही नाही, पण हलकी असल्यामुळे धक्का जास्त मारते आणि बार फुसका गेला तर तुम्ही रिकामे. दुनळी साधारण तीन किलोची, दोन नळ्या म्हणजे खरं तर दोन बंदुकाच, एका नळीचा स्ट्रायकर, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणारी सळी, तुटला तरी दुसरी चालते. माझं मत दुनळीचं आहे, तीही दोन चापांची. पुढचा चाप उजवी नळी उडवतो, मागचा डावी, आणि बहुतेक दुनळीत उजवी नळी तोंडाशी मोकळी आणि डावी आवळलेली असते, त्यालाच चोक म्हणतात. फुल चोक म्हणजे तोंडाशी साधारण एक मिलीमीटर आवळलेली नळी, ३५-३६ मीटरवर ३० इंचाच्या गोलात सत्तर टक्के छर्रे टाकते, अजिबात चोक नसेल तर चाळीसच्या आसपास. आपल्याला बागेत जनावर हाकलायला हवेत बार काढायचा तर चोकची चिंता करू नका, मोकळी नळीच बरी. ऑटोमॅटिक वगैरेच्या नादाला लागू नका, त्यात स्प्रिंगा आणि बारीक खाचा, आणि खाऱ्या वाऱ्यात खाचेत गंज बसला की तो काढणार कोण? आपल्या गावात असलं दुरुस्त करणारा माणूस कुठे आहे.

आता मुख्य मुद्दा. नवीन घ्या नाहीतर जुनी, पण जुनी चांगली दुनळी मिळाली तर मी तीच घेईन, फक्त ती कशी बघायची ते माहीत पाहिजे. मी हे शिकलो ते नुकसान करून. पहिली बंदूक एका दुकानदाराकडून घेतली, पॉलिश अशी की आरशासारखी, नवीन वॉर्निश मारलेला दस्ता, मी वरूनच बघितली आणि पैसे दिले. घरी आणून उघडली, नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून आत बघितलं तर मधोमध एक काळी कडी दिसत होती, गोल, सावलीसारखी. आमच्या काकांनी बोटाने बाहेरून चाचपलं तर तिथे बारीकसा फुगवटा हाताला लागला. कधीतरी नळीत काहीतरी अडकलेलं असताना कोणीतरी बार काढला होता. दुकानदाराने परत घेतली नाही.

तर नळी उजेडाकडे धरा. आधी बंदूक रिकामी आहे का ते बघा, दुकानदार रिकामी आहे म्हणाला तरी स्वतः उघडून बोट घालून बघा. मग नळी खिडकीकडे धरून आत बघा, चांगल्या नळीत उजेडाच्या कड्या एकात एक अशा सरळ गोल दिसतात. कुठे कडी वाकडी झाली तर पोचा आहे, काळी सावली असेल तर फुगवटा, आणि काळे ठिपके म्हणजे गंजाने पडलेली खळगी. पोचा चांगला कारागीर काढू शकतो. थोडे ठिपके तोंडाजवळ असतील तर एकवेळ चालतील, पण काडतूस बसतं त्या बाजूला, चेंबरजवळ खळगी असतील तर नको म्हणा, कारण सगळ्यात जास्त दाब तिथेच येतो.

मग नळ्या काढून घ्या, खालच्या आकड्यात बोट अडकवून लटकत्या धरा आणि बोटाच्या पेराने हळूच टिचकी मारा. घंटेसारखा लांब आवाज आला पाहिजे, अगदी देवळातल्या लहान घंटेसारखा. भांडं फुटल्यासारखा घरघर आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटलीय, तिथून पाणी आत जातं आणि आतून कुजतं, बाहेरून कळतसुद्धा नाही. हे मला आमच्या काकांनी दाखवलं, आणि आजही मी कोणाबरोबर बंदूक बघायला गेलो की आधी हीच टिचकी मारतो.

परत जोडा, पण पुढचं लाकूड न लावता. दस्त्याच्या मानेला धरून हलवा. खुळखुळ नको. बंद बंदूक उजेडासमोर आडवी धरून नळीचं बूड आणि मागची भिंत यांच्यात बघा, उजेडाची रेघ दिसली तर सांधा झिजलाय. बंदूक उघडायची वरची लिव्हरही सांगते, नवी बंदूक बंद केल्यावर लिव्हर किंचित उजवीकडे थांबते, झिजत जाते तशी ती मधोमध येते आणि मग डावीकडे सरकते. डावीकडे गेलेली दिसली तर किंमत पाडा नाहीतर उठून निघा.

चाप बघायला रिकामी बंदूक उगाच खटाखट मारू नका, खोटं काडतूस मिळतं ते घाला. सेफ्टी लावून चाप दाबा, सेफ्टी काढा, बूड जमिनीवर टेकवून हलकेच आपटा, घोडा आपोआप पडला तर ती बंदूक घरात ठेवायच्या लायकीची नाही, बागेत कुंपण ओलांडताना हेच होणार. दस्त्यात लोखंडामागे चिरा आहेत का ते नखाने बघा, वॉर्निशखाली चीर झाकलेली असते.

चेंबरची लांबी, हे कृपया नीट वाचा. जुन्या इंग्लिश बंदुकांचं चेंबर अडीच इंच म्हणजे ६५ मिलीमीटर असतं आणि आज मिळणारी बरीच काडतुसं ७० ची. यात फसवणूक अशी की ७० लिहिलेलं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बसतं, कारण तो आकडा बार उडाल्यानंतर उलगडलेल्या काडतुसाचा असतो, आणि उडताना तोंड उलगडायला जागा मिळाली नाही की दाब वाढतो. बसलं म्हणजे चालतं असं नाही. नळीच्या बुडाशी लिहिलेलं वाचा, नसेल वाचता येत तर जाणकाराकडून मोजून घ्या. तिथेच परीक्षेचे ठसे असतात, बेल्जियममधल्या लीज शहराचा असेल तर लंबगोलात ईएलजी, इंग्लिश असेल तर बीएनपी किंवा एनपी, एनपी म्हणजे नायट्रो, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली. आणि नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली ना, तर ती दमास्कस नळी, लोखंडाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली, दिसायला फार सुंदर पण ती काळ्या दारूच्या जमान्यातली. आजचं काडतूस तिच्यात घालू नका. आमच्याकडे एका घरात तशी भिंतीवर आहे, तिथेच राहू दे.

काडतुसाचं म्हणाल तर पुण्याजवळच्या खडकीच्या फॅक्टरीची शक्तिमान आपल्याकडे सगळ्यांना माहीत. बारीक छर्रा ठेवा. हवेत बार काढायला एलजी कधीही वापरू नका, तो मोठा छर्रा पाच-सातशे मीटर जातो, पलीकडच्या सड्यावर काजू वेचणाऱ्या बाया असतात. चार नंबरचा बारीक छर्रासुद्धा अडीचशे मीटरपर्यंत जातो. आणि कातळावर कधी झाडू नका, जांभ्यावरून छर्रा उसळतो आणि कुठे जाईल ते सांगता येत नाही.

परवान्याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नाही. तो बंदूक बाळगायचा आहे. बार काढून जनावर हाकलणं ठीक, पण मारायचं तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याची परवानगी लागते, आणि मेलेलं जनावर सरकारचं, मटणाची वाटणी करायची नाही. वडिलांची बंदूक घेणार असाल तर २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे, परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली तर वारसाच्या नावावर करायचा अर्ज करता येतो. वडील हयात आहेत तोवर करा. ते गेल्यावर बंदूक माळ्यावर ठेवून दिली आणि कोणाला सांगितलंच नाही तर ती तुमच्याकडची बेकायदा बंदूक झाली. आणि घेताना बंदुकीवरचा नंबर स्वतः वाचून परवान्यावरच्या नंबराशी ताडून बघा, एक आकडा चुकला की पुढे प्रत्येक नूतनीकरणाला हेलपाटे. २०१९ पासून परवाना पाच वर्षांचा झालाय एवढं बरं.

अंगाला बसते का तेही बघा. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. नजर सरळ पट्टीवरून तोंडाच्या मण्याकडे गेली तर तुमची. मान ताणावी लागली किंवा डोळा पट्टीच्या बाजूला गेला तर दस्ता बदलावा लागेल. उंच माणसाला आखूड दस्ता दिला तर स्वतःचा अंगठा नाकावर येतो.

घेतल्यावर ती टिकवणं कोकणात जास्त अवघड. चामड्याच्या पिशवीत भरून कपाटात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि जिथे टेकलं तिथे गंज. हाताचा घामसुद्धा पुरतो, बोटांचे ठसे आठवड्यात तांबूस उमटतात, म्हणून ठेवायच्या आधी लोखंड पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. खोबरेल नको, ते गोठतं आणि चिकट होऊन खटका अडकतो. ठासणीची असेल तर वापरल्या दिवशीच कढत पाण्याने नळी धुवा, काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. निवडणुकीत बंदुका ठाण्यात जमा करायला लागतात, ऐन आंब्या-काजूच्या हंगामात, वानरं बागेत आणि बंदूक तिकडे, त्याचा त्रास होतोच, पण देताना आतून बाहेरून तेल लावून द्या आणि पावतीवर नंबर आणि बंदुकीची अवस्था लिहून घ्या. माझी दोन महिन्यांनी परत आली तेव्हा दस्त्याला पोचा होता आणि पावतीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा काडतूस भरायच्या आधी नळीतून उजेड बघा. भिंतीला टांगलेल्या बंदुकीच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते, सुपारीएवढं, घट्ट, सिमेंटसारखं. आमच्या वाडीत एकाने भाद्रपदात भातावर डुकरं आली म्हणून अंधारात तशीच उचलली आणि बार काढला, नळी तोंडाशी केळ्याच्या सालासारखी फाटली. माणूस वाचला कारण फाटली ती पुढच्या टोकाला. तेव्हापासून मी नळीच्या दोन्ही तोंडांना कापडाचे बोळे लावून ठेवतो, लाल कापडाचे, म्हणजे काढायचे विसरायला होत नाही, आणि काढले तरी आधी गज आरपार घालून बघतो.