बंद पडलेला सेट-टॉप बॉक्स: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

गावी आईकडचा डीडी फ्री डिशचा बॉक्स अचानक बंद पडला. लाल दिवासुद्धा लागेना. दुकानदार म्हणाला, "नवाच घ्या." मी आधी तपासायचं ठरवलं.

सगळ्यात आधी मागची डिशची केबल काढून बॉक्स लावून बघितला. छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या छोट्या डबीला) वीज याच केबलमधून जाते, १३ किंवा १८ व्होल्ट. जोडणीत पाणी शिरून शॉर्ट झालं तर चांगला बॉक्सही मेल्यासारखा वाटतो. आमचा तरीही निपचितच. मग अडॅप्टरच्या पिनला मल्टिमीटर लावला. वर छापलेले १२ व्होल्ट, मिळत होते जेमतेम ७! तेवढ्याच व्होल्टचा आणि निदान तेवढ्याच अँपिअरचा अडॅप्टर आणला (पिनचं प्लस-मायनस जुळवूनच घ्या), बॉक्स लगेच सुरू झाला.

अडॅप्टर ठीक असता तर आतले फुगलेले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) बघितले असते. ते स्वस्तात बदलून मिळतात. पण ज्या बॉक्समध्ये थेट २३० व्होल्ट जातात तो घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो. मुख्य चिप गेली असेल किंवा बॉक्स जुना एमपेग-२ चा (चित्र लहान करून पाठवायची जुनी पद्धत, एमपेग-४ ही नंतरची) असेल, तर मात्र नवाच घ्यावा. एमपेग-४ बॉक्सवर फ्री डिशचे चॅनेलही जास्त दिसतात.