मेडिकल जर्नल्सची फ्री ट्रायल कशी वापरायची

ट्रायल मिळाली की लगेच चालू करू नका. साधारण महिनाभराची असते, आणि ड्युट्यांमध्ये तीन आठवडे कसे जातात कळतही नाही.

आधी प्रश्न गोळा करा. ओपीडीत, राउंडला जे जे अडलं ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा, दहा-बारा झाले की बास. मग लायब्ररीयनना गाठा. जर्नल्सप्रमाणेच अपटूडेट, डायनामेड, क्लिनिकल-की, बीएमजे बेस्ट प्रॅक्टिस या उपचारांची माहिती पटकन शोधायच्या ऑनलाइन सेवांचीही ट्रायल संस्थेच्या नावाने मागता येते, ती बहुतेक वेळा कॅम्पसच्या इंटरनेटवरच (आयपीवर) चालते, त्यामुळे घरून कशी उघडायची ते तेव्हाच विचारून घ्या. एकट्याने घेताय आणि कार्ड नंबर मागतायत? मग संपायच्या दोन दिवस आधीचा रिमाइंडर आत्ताच लावा, नाहीतर आपोआप पैसे कटतात.

आता खरं काम. एकच प्रश्न सगळीकडे टाकून बघा, म्हणजे समजा किडनी खराब असलेल्या पेशंटला व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकचा डोस किती द्यायचा. क्रिएटिनिन क्लिअरन्सप्रमाणे, म्हणजे किडनी किती काम करते त्या मापाप्रमाणे, उत्तर सरळ सापडतं की चार पानं खाली जावं लागतं, तो टॉपिक शेवटचा कधी अपडेट झाला ती तारीख दिसते का, आणि शिफारशीखालच्या रेफरन्सवर क्लिक केलं तर मूळ पेपरपर्यंत जाता येतं का, हे सगळं घड्याळ लावून बघा, कारण पेशंट समोर बसलेला असताना पाच मिनिटं म्हणजे फार झाली. मला तर अपडेटची तारीख सगळ्यात महत्त्वाची वाटते, जुना डोस सुबक पानावर असला तरी जुनाच.

जर्नल्सचं बघताना जुने अंक उघडतायत का तेही तपासा, नुसता अ‍ॅबस्ट्रॅक्ट (सारांश) तर पबमेडवर, म्हणजे मेडिकल पेपर शोधायच्या साइटवर, फुकटच मिळतो. आणि धडाधड शेकडो पीडीएफ उतरवू नका, प्रकाशक अख्ख्या संस्थेचा अ‍ॅक्सेस बंद करू शकतो, मग एकामुळे सगळे अडकतात.

पैसे भरायच्या आधी फुकटचं बघून घ्या. पबमेड सेंट्रल २००० पासून आहे, तिथे पूर्ण पेपर मिळतात. डब्ल्यूएचओचा हिनारी हा उपक्रम २००२ मध्ये सुरू झाला, कमी उत्पन्नाच्या देशांतल्या संस्थांना त्यातून जर्नल्स फुकट किंवा अगदी कमी पैशात मिळतात.

ट्रायल संपायच्या आत लायब्ररीला लिहून कळवा. नुसतं 'छान आहे' नको, बारापैकी किती प्रश्नांची उत्तरं मिळाली, किती वेळात, कुठे अडलं ते लिहा, वर्गणीचा निर्णय घेताना त्यांना हेच लागतं.