एमव्हीसी वापरताय? मग या चुका टाळा

एमव्हीसी म्हणजे प्रोग्रामचे तीन भाग: मॉडेल (माहिती आणि तिचे नियम), व्ह्यू (दिसणारं पान) आणि कंट्रोलर (आलेली विनंती घेऊन या दोघांना कामाला लावणारा). लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये हीच पद्धत चालते. लारावेल येतं म्हणणाऱ्याचा प्रोजेक्ट उघडला की मी आधी कंट्रोलरचं फोल्डर बघतो. व्हॅलिडेशन (आलेली माहिती तपासणं), हिशोब, ईमेल, पीडीएफ असा सगळा बाजार एकाच फाईलीत भरलेला असतो. मॉडेलची फाईल मात्र कोरीच. मॉडेल म्हणजे डेटाबेसचं टेबल, एवढीच पोरांची समजूत. ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात ही रचना मांडली, तेव्हा मॉडेल म्हणजे त्या विषयाची जाण, नियमांसकट, असंच त्यांना म्हणायचं होतं.

नियम मॉडेलबाहेर ठेवले की काय होतं ते लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात बघितलं. दसरा झालेला, सोयाबीनची आवक जोरात, आणि मुनीमजींचा फोन: "ओ सर, पट्टी एक म्हणायलीय अन् खातं दुसरंच म्हणायलंय!" जाऊन बघतो तर एक शेतकरी एकाच मालाच्या दोन पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) गल्ल्यावर ठेवून उभा. चाळीस कट्टे, फरक ऐंशी रुपयांचा, पण मुनीमजींना त्याच्यापुढे बोलता येईना.

हमाली-तोलाईच्या कपातीचं गणित तीन ठिकाणी लिहिलेलं होतं: पट्टी छापणाऱ्या ब्लेड फाईलीत (लारावेलमधला व्ह्यू), कंट्रोलरच्या नोंद साठवणाऱ्या स्टोअर मेथडमध्ये आणि रिपोर्टच्या क्वेरीत (डेटाबेसला केलेली विचारणा). हमालीचा दर वाढला तेव्हा सॉफ्टवेअरवाल्या पोरानं घाईत फक्त ब्लेडमधला आकडा बदलला. खात्यावर जमा जुन्याच दरानं. जुनी पट्टी पुन्हा छापली की तीही नव्या दरानं निघायची.

गणित उचलून पट्टीच्या मॉडेलवर एका मेथडमध्ये ठेवलं, आणि त्या दिवशीचा दर पट्टीच्या रेकॉर्डमध्येच साठवला. आता ब्लेड फक्त छापतं. माझी सवय सांगतो: ब्लेडच्या फोल्डरात गुणाकाराचं चिन्ह सर्च करायचं, सापडलं की ते तिथून हलवल्याशिवाय पुढचं काम घ्यायचं नाही. ब्राउझर न उघडता टिंकरमध्ये (लारावेलची कमांड लिहायची खिडकी) हिशोब चालला पाहिजे. नाही चालला तर तो चुकीच्या जागी लिहिलाय.

दुसरी चूक, व्ह्यूमध्ये यादीवर लूप फिरताना गुपचूप क्वेरी मारणं. पन्नास पट्ट्यांची यादी, प्रत्येकीपुढे शेतकऱ्याचं नाव, की झाल्या एक्कावन्न क्वेऱ्या: एक यादीची, पन्नास नावांच्या. स्वतःच्या लॅपटॉपवर पाच रेकॉर्ड असतात, तिथं काहीच कळत नाही. कंट्रोलरमध्ये 'विथ' लावून शेतकरी सोबतच आणा, आणि डेव्हलपमेंटमध्ये अशी गुपचूप क्वेरी पकडणारी 'प्रिव्हेंट लेझी लोडिंग' ही सेटिंग चालू ठेवा. एरर येईल, येऊ द्या.

'रिक्वेस्ट ऑल' (बाहेरून आलेली सगळी फील्ड) थेट नवी नोंद करणाऱ्या 'क्रिएट'मध्ये टाकून 'गार्डेड' (बाहेरून भरू न द्यायच्या फील्डची यादी) रिकामं सोडणारे तर रोज भेटतात. फॉर्ममध्ये नसलेलं फील्डही कुणी पाठवू शकतो. २०१२ मध्ये रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कमधल्या याच प्रकारानं कोड ठेवायची साइट गिटहबसुद्धा अडकलं होतं. तपासून पास झालेली फील्डच देणारं 'व्हॅलिडेटेड' वापरा.

व्हॅलिडेशन फक्त जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे फक्त ब्राउझरमध्ये: नको.

आणि यूट्यूबवर एक व्हिडिओ बघून तीन पानांच्या साइटला रिपॉझिटरी, सर्व्हिस, इंटरफेस असे कोडचे जादा थर चढवणारे! एक नाव बदलायला सहा फाईली उघडतात. यांच्यापेक्षा मला ते आठशे ओळींचे कंट्रोलरवाले परवडले, निदान कुठं काय आहे ते तरी सापडतं. सर्व्हिस क्लास (कंट्रोलरबाहेर ठेवलेला कामाचा कोड) मी तेव्हाच काढतो, जेव्हा तेच काम दुसऱ्या कंट्रोलरलाही लागतं.